'विरोध करणे' : अर्थ, समानार्थी शब्द आणि योग्य वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शिक्षक, बातमीदार, भाषांतरकार आणि सरकारी कार्यालयात अर्ज लिहिणारे नागरिक या क्रियापदाबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. समानार्थी शब्दांची केवळ यादी हवी असेल तर ती कोणत्याही कोशात मिळते. परंतु त्या यादीतला कोणता शब्द कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे सांगणे अधिक गरजेचे आहे, म्हणून येथे त्यावरच भर दिला आहे.

'विरोध करणे' याचा नेमका अर्थ काय?

एखादी गोष्ट आपल्याला मान्य नाही हे उघड करणे आणि ती घडू नये, पुढे जाऊ नये किंवा टिकू नये यासाठी शब्दाने वा कृतीने तिच्या आड उभे राहणे, म्हणजे विरोध करणे होय. या अर्थाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. मनातल्या मनात न पटणे म्हणजे असहमती. ती व्यक्त झाली की मतभेद. आणि त्या मतभेदापायी माणूस समोरच्या गोष्टीला अडवू लागला की तो विरोध. म्हणूनच 'माझा त्या ठरावाला विरोध आहे' या वाक्यात केवळ मत नसते, तर त्या मताप्रमाणे वागण्याची तयारीही सूचित झालेली असते. 'विरोध असणे' ही भूमिका, 'विरोध करणे' ही कृती, 'विरोध नोंदवणे' ही त्या कृतीची औपचारिक नोंद आणि 'विरोध मावळणे' हा तिचा शेवट, अशी या शब्दाची वेगवेगळ्या क्रियापदांबरोबरची रूपे आहेत.

हा शब्द आला कोठून?

संस्कृतातील 'रुध्' या धातूचा अर्थ अडवणे, रोखणे, कोंडणे असा आहे. त्याला 'वि' हा उपसर्ग लागून 'विरोध' आणि 'विरुद्ध' हे शब्द बनले. याच धातूपासून आलेली भावंडे पाहिली की मूळ अर्थ स्पष्ट होतो: योगशास्त्रातील चित्तवृत्तींचा निरोध, रस्त्यातला अवरोध, विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील विद्युतवाहक तारेचा रोध. 'अनुरोध' हा शब्दही याच कुळातला असला तरी मराठीत तो अडवण्याच्या अर्थाने येत नाही. 'त्या अनुरोधाने' म्हणजे त्याला धरून, त्याला अनुसरून. संगीतातील 'अवरोह' मात्र या कुळातला नव्हे. तो चढणे-उतरणे दाखवणाऱ्या 'रुह्' धातूपासून आला आहे, आणि नाद जवळचा असल्यामुळे अनेकांची येथे गल्लत होते.

'विरोध' आणि 'निषेध' यांत फरक काय? वर्तमानपत्रांत तर दोन्ही एकाच अर्थाने दिसतात.

फरक आहे, आणि तो पाळायला हवा. तो ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे काळ. विरोध पुढे होऊ घातलेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला होतो. निषेध प्रामुख्याने घडून गेलेल्या गोष्टीचा होतो. गावाजवळ दगडखाण सुरू होणार असेल तर ग्रामस्थ तिला विरोध करतात, कारण ती अजून थांबवता येते. त्या ग्रामस्थांवर लाठीमार झाला तर लाठीमाराचा निषेध होतो. झालेला लाठीमार परत घेता येत नाही, परंतु तो निंद्य होता हे जाहीरपणे सांगता येते. 'लाठीमाराला विरोध केला' असे लिहिले तर वाचकाला वाटेल की लाठ्या चालू असताना कोणीतरी मध्ये पडले.

दुसरा फरक असा की निषेधात नैतिक दोषारोप असतो, विरोधात तो असेलच असे नाही. एखाद्या संस्थेच्या सभेत वार्षिक वर्गणी वाढवण्याच्या ठरावाला सभासद विरोध करतात, तेव्हा ठराव मांडणाऱ्याने काही पाप केले असे त्यांना म्हणायचे नसते. त्याच ठरावाचा 'निषेध' करणे म्हणजे तो मांडणेच गैर होते असे म्हणणे होय. साध्या मतभेदाला निषेधाची भाषा वापरली की बोलणे विनाकारण चिघळते, आणि खऱ्या अन्यायाच्या वेळी वापरायला तो शब्द बोथट झालेला असतो. निषेध हा जपून वापरण्याचा शब्द आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे एक ऐतिहासिक बाबही लक्षात ठेवावी. संस्कृतात आणि जुन्या शास्त्रीय मराठीत 'निषेध' म्हणजे मनाई. धर्मशास्त्रात 'विधिनिषेध' हा जोडशब्द येतो, त्यात विधी म्हणजे काय करावे आणि निषेध म्हणजे काय करू नये. 'निषिद्ध' या विशेषणात तो अर्थ आजही जिवंत आहे. जुना ग्रंथ वाचताना 'निषेध' दिसला तर आजचा मोर्चा आणि काळे झेंडे डोळ्यांसमोर आणू नयेत.

'हरकत', 'आक्षेप' आणि 'तक्रार' यांपैकी कोणता शब्द केव्हा वापरावा?

हरकत हा कामकाजाचा शब्द आहे. निर्णय होण्यापूर्वी, ठरवून दिलेल्या मुदतीत आणि ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जो विरोध नोंदवला जातो, तो म्हणजे हरकत. शहराच्या विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा 'हरकती व सूचना' मागवल्या जातात. जमिनीच्या फेरफाराची नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस दिली जाते ती त्यांची काही हरकत असल्यास कळावी म्हणून. आणि कोणाचीही हरकत नाही असे लेखी देणारा कागद म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. बोलण्यातही 'माझी काही हरकत नाही' असे म्हणताना आपण परवानगी देत असतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल असा आहे; शास्त्रीय गायनात स्वरांच्या चपळ वळणाला हरकत म्हणतात, त्यात तो मूळ अर्थ दिसतो. मराठीने मात्र व्यवहारात त्याला अडथळ्याचा आणि पुढे असंमतीचा अर्थ दिला.

आक्षेप हा युक्तिवादाचा शब्द आहे. 'क्षिप्' म्हणजे फेकणे. समोरच्याच्या म्हणण्यातील, पद्धतीतील किंवा पुराव्यातील एखादा दोष दाखवून देणे म्हणजे आक्षेप घेणे. संपूर्ण प्रस्तावाला पाठिंबा असूनही त्यातील एका कलमावर आक्षेप घेता येतो. न्यायालयात साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नावर वकील आक्षेप घेतात, तेव्हा त्यांचा विरोध खटल्याला नसतो, त्या एका प्रश्नाला असतो.

तक्रार ही झालेल्या त्रासाची असते आणि ती ज्याने दूर करायची त्याच्याकडे केली जाते. अरबीत या शब्दाचा अर्थ पुनरावृत्ती. पाणी येत नाही ही तक्रार आहे, हरकत नव्हे. नळजोडणीच्या नव्या दराविषयी मुदतीत दिलेला अर्ज ही हरकत आहे, तक्रार नव्हे. अर्जाच्या विषयाच्या ओळीत चुकीचा शब्द पडला तर अर्ज चुकीच्या टेबलावर जाण्याचा संभव असतो, म्हणून हा भेद केवळ भाषेच्या आवडीचा नाही.

शिवकाळात रघुनाथ पंडितांनी रचलेल्या राज्यव्यवहारकोशात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले होते. तरीही हरकत, तक्रार, मनाई हे शब्द आजच्या सरकारी मराठीतून गेले नाहीत, कारण लोकांच्या कामाच्या कागदांत ते पक्के रुजले होते. ते काढून टाकण्याची काही गरज आहे असे आम्हांला वाटत नाही.

'प्रतिकार' आणि 'प्रतिरोध' हे एकच आहेत का?

अर्थ जवळचा आहे, पण मराठीची पहिली पसंती 'प्रतिकार' हीच आहे. प्रतिकार करायला समोरून काहीतरी चालून यावे लागते: शत्रूचा हल्ला, रोग, जुलूम, मोह. म्हणून शरीराची ती रोगप्रतिकारशक्ती. ज्याने आपल्यावर चाल केलेली नाही त्याचा प्रतिकार होत नाही, त्याला विरोध होतो. 'अर्थसंकल्पाचा प्रतिकार केला' हे वाक्य त्यामुळे खटकते. 'प्रतिरोध' हा शब्द मराठीत बहुतेक शास्त्रीय लेखनात येतो. जिवाणू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत त्याला प्रतिरोध म्हटले जाते. सामाजिक लेखनात अलीकडे तो अधिक दिसू लागला आहे तो हिंदीच्या सहवासाने. तो चूक नव्हे, पण सर्वसामान्य वाचकाला 'प्रतिकार' लवकर पोहोचतो.

'बंड', 'उठाव', 'विद्रोह' आणि 'दंगा' यांत निवड कशी करावी?

येथे शब्द निवडणे म्हणजे बाजू निवडणे असते, हे लिहिणाऱ्याने ओळखले पाहिजे. 1857 साली जे घडले त्याला इंग्रजी अमदानीतील मराठी 'शिपायांचे बंड' म्हणत असे; पुढे त्यालाच 'उठाव' आणि 'स्वातंत्र्यसमर' म्हटले जाऊ लागले. घटना तीच, पण 'बंड' म्हणताना सत्ता कायदेशीर होती असे आपण गृहीत धरतो आणि 'स्वातंत्र्यसमर' म्हणताना ती सत्ताच परकी होती असे म्हणतो. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरुवात होऊन पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. सरकारी दप्तराने याला 'दख्खनचे दंगे' म्हटले आणि ते नाव आजही पुस्तकांत आहे. परंतु लोक जे कागद शोधून जाळत होते ते नेमके त्यांना कर्जात अडकवणारेच होते, हे पाहता 'शेतकऱ्यांचा उठाव' हे नाव घटनेला अधिक न्याय देते.

वासुदेव बळवंत फडके यांनी 1879 साली केलेल्या सशस्त्र प्रयत्नाला मराठी माणूस आजही 'बंड' म्हणतो आणि त्यात गौरव मानतो. म्हणजे 'बंड' हा शब्द नेहमीच हिणवणारा नाही. 'बंडखोर' मात्र संदर्भाप्रमाणे बदलतो: निवडणुकीच्या बातमीत पक्षाची उमेदवारी न मिळाल्याने स्वतंत्र उभा राहिलेला बंडखोर वेगळा, आणि रूढी मोडणारा बंडखोर वेगळा. 'विद्रोह' या शब्दाला महाराष्ट्रात दलित साहित्याने आणि जातिव्यवस्थेविरुद्धच्या चळवळींनी खास वजन दिले आहे. त्यात एका राज्यकर्त्याला नव्हे तर संपूर्ण समाजरचनेला दिलेला नकार असतो. कार्यालयातल्या वादाला 'विद्रोह' म्हणणे त्यामुळे अस्थानी ठरते.

'सत्याग्रह', 'असहकार', 'बहिष्कार' हे समानार्थी शब्द मानावेत का?

नाही. ही विरोधाची साधने आहेत. 'विरोध कशाने केला?' या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते येतात. परंतु त्यांच्याशिवाय महाराष्ट्रातील विरोधाचा अर्थ पुरा होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

'सत्याग्रह' हा शब्द गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील लढ्यात रूढ केला. महाराष्ट्रात 1921 साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. 1930 साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते या शब्दाच्या अर्थात फार मोलाची भर घालणारे आहे. तेथे कोणी काही अडवले नाही किंवा बंद पाडले नाही. लोक तळ्याकडे गेले आणि पाणी प्याले. जे करण्यास मज्जाव होता ते शांतपणे करणे हाच तेथला विरोध होता. 'विरोध करणे म्हणजे अडवणे' ही वर दिलेली व्याख्या म्हणूनच थोडी व्यापक समजून घ्यावी: कधी अडवणाऱ्याला न जुमानणे हेच विरोधाचे सर्वांत शुद्ध रूप असते.

'असहकार' म्हणजे विरोधकावर चाल न करता त्याला मिळणारी आपली मदत काढून घेणे. 'बहिष्कार' या शब्दाला दोन विरुद्ध इतिहास आहेत. 1905 च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री लोकमान्य टिळकांनी महाराष्ट्रात घरोघरी नेली, तेव्हा बहिष्कार हे दुबळ्यांचे हत्यार होते. परंतु त्याच शब्दाने जातपंचायती एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकत आल्या, आणि त्या अर्थी तो बलवानांचे हत्यार होता. डॉ. आंबेडकरांनी 1924 साली स्थापन केलेल्या सभेच्या आणि 1927 साली काढलेल्या पाक्षिकाच्या नावात 'बहिष्कृत' हा शब्द मुद्दाम घेतला तो या दुसऱ्या अर्थाने. महाराष्ट्राने 2016 साली केलेला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही याच अर्थाशी संबंधित आहे. बहिष्कार कोणी कोणावर घातला हे सांगितल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

बोलीभाषेत विरोधासाठी कोणते वाक्प्रचार आहेत?

पुष्कळ आहेत, आणि लेखी मराठी त्यांचा फार कमी उपयोग करते याची खंत वाटते. उघड आणि बरोबरीच्या विरोधासाठी आखाड्यातून आलेले 'दंड थोपटणे' आणि 'शड्डू ठोकणे' आहेत. यांत समोरासमोर आव्हान असते, लपवाछपवी नसते. याउलट 'पाचर मारणे', 'खोडा घालणे', 'मोडता घालणे', 'कोलदांडा घालणे', 'खीळ घालणे' हे सारे चालू कामाला अडकवून ठेवण्याचे प्रकार आहेत. त्यांत विरोधकाचे कारण सांगितलेले नसते, आणि बोलणाऱ्याची नापसंती मात्र स्पष्ट असते. स्वतःच्या विरोधाबद्दल 'मी खोडा घातला' असे कोणी म्हणत नाही. 'आडवे येणे' हे त्यामानाने मवाळ आहे, 'फाटे फोडणे' म्हणजे नसते मुद्दे काढून विषय लांबवणे, आणि 'नन्नाचा पाढा वाचणे' म्हणजे प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणणे. कायमच्या वैरासाठी 'उभा दावा' आणि 'छत्तीसचा आकडा' आहेत; देवनागरीतील ३ आणि ६ या अंकांची तोंडे एकमेकांकडे पाठ करून असतात, त्यावरून हा दुसरा वाक्प्रचार आला.

कोणत्या शब्दाला कोणता प्रत्यय लागतो?

विरोध 'ला' घेतो: प्रकल्पाला विरोध केला. निषेध, धिक्कार आणि प्रतिकार 'चा' घेतात: हल्ल्याचा निषेध केला, जुलमाचा प्रतिकार केला. खंडन नपुंसकलिंगी असल्याने 'चे': आरोपांचे खंडन केले. आक्षेप 'वर' किंवा 'ला', हरकत 'ला' किंवा 'स'. नकार देताना क्रियापदाचे रूप 'ण्यास' होते: सही करण्यास नकार दिला. बंड करायचे ते कोणाच्या तरी 'विरुद्ध'. 'प्रकल्पाचा विरोध केला' अशी रचना आजकाल सर्रास ऐकू येते. ती हिंदीतून आली आहे आणि मराठीत टाळावी.

हिंदीच्या प्रभावामुळे आणखी कोणत्या चुका होतात?

तीन चुका वारंवार आढळतात. पहिली 'आपत्ती'. हिंदीत या शब्दाचा एक अर्थ आक्षेप असा आहे, मराठीत मात्र आपत्ती म्हणजे संकट. 'सदस्यांनी आपत्ती नोंदवली' असे भाषांतरित वाक्य मराठी वाचकाला गोंधळात टाकते. दुसरी 'प्रदर्शन'. मराठीत प्रदर्शन चित्रांचे किंवा वस्तूंचे भरते, रस्त्यावर लोक करतात ती निदर्शने. तिसरी 'हरकत'. हिंदीत ती एखाद्याची कृती किंवा चाळा असतो, मराठीत नाही.

'विरुद्ध', 'विरोधात', 'विरोधी' आणि 'विरोधक' यांत फरक काय?

'विरुद्ध' हे शब्दयोगी अव्यय म्हणूनही येते आणि विशेषण म्हणूनही. दोन बाजू केवळ समोरासमोर आहेत एवढेच सांगायचे असेल तर तेच योग्य, जसे खटल्यांच्या नावांत: केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, 1973. 'विरोधात' म्हटले की त्यात सक्रिय भूमिका येते: अतिक्रमणाच्या विरोधात मोर्चा. 'विरोधी' हे विशेषण आहे (विरोधी पक्ष, दारूबंदीविरोधी मत), तर 'विरोधक' म्हणजे विरोध करणारी व्यक्ती. 'विरोधी पक्षनेता' हे पदाचे नाव आहे, त्याऐवजी 'विरोधक नेता' असे लिहू नये.

'विरुद्ध' कसे लिहावे?

'रु' ऱ्हस्व आणि जोडाक्षर 'द्ध', म्हणजे आधी द आणि मग ध. 'विरूद्ध' आणि 'विरुध्द' ही दोन्ही रूपे अशुद्ध आहेत. 'निषेध' यात पोटफोड्या 'ष' आहे.

'विरोधणे' असे एकच क्रियापद वापरता येते का?

नामापासून थेट क्रियापद करण्याची सोय मराठीत आहे: धिक्कारणे, नाकारणे, अव्हेरणे, झिडकारणे. 'विरोधणे' मात्र आजच्या गद्यात रूढ नाही. कवितेत ते खपेल; अहवालात किंवा अर्जात 'विरोध करणे' हेच लिहावे.

याचा विरुद्धार्थी शब्द कोणता?

परीक्षेत एका शब्दाचे उत्तर हवे असेल तर 'पाठिंबा देणे' किंवा 'समर्थन करणे'. पण समानार्थी शब्दांमधले अंतर तपासायचे असेल तर प्रत्येकाचा वेगळा विरुद्धार्थ शोधून पाहावा. निषेधाच्या उलट स्वागत, हरकतीच्या उलट संमती, प्रतिकाराच्या उलट शरणागती, खंडनाच्या उलट मंडन, बंडाच्या उलट निष्ठा. सर्वांचे विरुद्धार्थ वेगळे निघतात, त्याअर्थी हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत ठेवता येत नाहीत. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पाठांतराने जे पक्के होत नाही ते यातून चटकन समजते.

सरकारी प्रस्तावाविरुद्ध अर्ज लिहिताना कोणती भाषा वापरावी?

निर्णय व्हायचा असेल तर विषयात 'हरकत' हाच शब्द घालावा आणि ज्या जाहीर सूचनेच्या अनुषंगाने ती घेतली आहे तिचा क्रमांक व दिनांक द्यावा. मजकुरात आधी कोणत्या भागाला हरकत आहे ते सांगावे, मग कारणे, आणि शेवटी मागणी. प्रस्तावातील जे मान्य आहे तेही एका वाक्यात नमूद करावे, म्हणजे हरकत नेमकी कोठे आहे ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळते. 'तीव्र निषेध', 'धिक्कार' हे शब्द अशा अर्जात आणू नयेत. ते सभेत आणि पत्रकात शोभतात. उदाहरणार्थ असे लिहिता येईल: 'सदर प्रारूप आराखड्यात दाखवलेल्या रस्त्याच्या रुंदीकरणास आमची तत्त्वतः हरकत नाही, तथापि हे रुंदीकरण केवळ पूर्वेच्या बाजूने प्रस्तावित केल्याने त्या बाजूची राहती घरे बाधित होत असून पश्चिमेची मोकळी जागा वगळली गेली आहे, यास आम्ही हरकत घेत आहोत आणि दोन्ही बाजूंची पाहणी करून आखणीचा फेरविचार व्हावा, अशी विनंती करीत आहोत.'